कोडही कच्चा, कीर्दही कच्ची

मुलाखतीला आलेल्या उमेदवारापुढे मी कोरा कागद सरकवतो आणि एकच हिशेब घालतो. बिल ११८० रुपयांचं आहे, १८ टक्के जीएसटी त्यातच धरलेला आहे. कर किती आणि मालाची किंमत किती? समोर बसलेल्याकडे संगणक आणि व्यवसाय ही दोन्ही नावं एका ओळीत असलेली तीन वर्षांची पदवी असते. बायोडेटावर ‘फुल स्टॅक डेव्हलपर’ असं ठळक छापलेलं असतं. तो मोबाइल काढतो, ११८०चे १८ टक्के करतो आणि लिहितो : कर २१२ रुपये ४० पैसे, माल ९६७ रुपये ६० पैसे. मी म्हणतो, आता त्या ९६७.६०वर १८ टक्के लावून बघ, ११८० होतात का? तो लावतो. होत नाहीत. मग तो माझ्याकडे बघतो. त्या बघण्यात आळस नसतो, बेफिकिरी नसते. तीन वर्षांत आपल्याला हे कुणी विचारलंच नाही, याचा धक्का असतो.

उत्तर १८० आणि १००० असं आहे. ११८०ला १.१८ने भागायचं. आमच्या इचलकरंजीच्या बाजारात गल्ल्यावर बसणारं पोर हे तोंडी सांगतं. हा मुलगा उद्या एखाद्या दुकानदाराला बिलाचं सॉफ्टवेअर करून देणार. हीच चूक कोडमध्ये उतरणार आणि तो दुकानदार दर बिलामागे ३२ रुपये ४० पैसे जास्तीचा कर दाखवत बसणार. दिवसाला शंभर बिलं फाडली तर ३२४० रुपये. दोष मुलाचा मुळीच नाही. ज्यांनी त्याच्याकडून तीन वर्षं फी घेतली त्यांचा आहे, आणि हा लेख त्यांच्याविरुद्ध आहे.

वीस वर्षं मी व्यापाऱ्यांसाठी सॉफ्टवेअर आणि वेबसाइट बनवतो. बारावीचा निकाल लागला की ओळखीचे पालक ऑफिसात येतात, चकचकीत माहितीपत्रकं टेबलावर पसरतात आणि विचारतात, ‘पोराला कॉम्प्युटरची आवड आहे, धंद्याचंही कळलं पाहिजे, वेबसाइट-बिबसाइट करता आली तर उत्तमच. बीसीएला घालू, बीबीए सीएला घालू, की साधं बीकॉम करून क्लास लावू?’ प्रश्न रास्त आहे. या प्रश्नाची टिंगल करणारे शहरी शहाणे मला भेटले आहेत. ते म्हणतात, आधी एक काय ते ठरवा. पण माझ्या गावाला नेमका असाच माणूस लागतो. सूतवाल्याला, मसालेवाल्याला, चपलेच्या घाऊक व्यापाऱ्याला हिशेब समजणारा प्रोग्रामर हवा असतो आणि तो मिळत नाही. मागणी खरी आहे, आवड खरी आहे. खोटी आहे ती फक्त टेबलावरची माहितीपत्रकं.

या पदव्यांच्या नावांची गोष्ट आधी सांगतो. २०२४पर्यंत बीसीए, बीबीए, बीएमएस या अभ्यासक्रमांवर अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेचा अंमल नव्हता. त्या वर्षी परिषदेने ते आपल्या कक्षेत घेतले आणि राज्याच्या सीईटी कक्षाने त्यांच्यासाठी पहिल्यांदाच सामाईक प्रवेश परीक्षा घेतली. जागा लाखाच्या वर, परीक्षेला बसलेली मुलं पन्नास हजारांच्या आत. ऑगस्टमध्ये पुन्हा एकदा परीक्षा घ्यावी लागली. त्या उन्हाळ्यात राज्यातल्या अनेक महाविद्यालयांनी काय केलं? प्रयोगशाळा सुधारल्या नाहीत, शिक्षक नेमले नाहीत. पाट्या बदलल्या. कालचा बीएमएस आज बीकॉमच्या कंसात जाऊन बसला आणि सीईटीच्या बाहेर पडला. तेच वर्ग, तीच पुस्तकं, त्याच नोट्स. एखाद्या अभ्यासक्रमाचं नाव एका उन्हाळ्यात असं बदलता येत असेल आणि आत काहीच हलत नसेल, तर त्या नावाच्या भरवशावर मुलाची तीन-चार वर्षं लावणं हा जुगार आहे. पालकांना हे कुणी सांगत नाही. सांगणाऱ्याचं दुकान त्याच पाटीवर चालतं.

आत काय आहे ते बघू. ‘व्यवसाय’ या नावाखाली मुलांना व्याख्या पाठ करायला लावतात. हेन्री फेयॉलची व्यवस्थापनाची १४ तत्त्वं, जी त्याने १९१६ साली मांडली. मॅस्लोचा त्रिकोण. नेतृत्वाचे प्रकार. ही माणसं थोर होती, त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण फेयॉलची चौदाच्या चौदा तत्त्वं क्रमाने सांगणाऱ्या मुलाने तीन वर्षांत एकदाही खरं बिल हातात धरलेलं नसतं, उधारीची वही उघडलेली नसते, बँकेच्या पासबुकाशी हिशेब जुळवलेला नसतो. धंदा म्हणजे काय, हे त्याला दुकानात न जाता शिकवलेलं असतं. पोहणं फळ्यावर शिकवावं तसं.

संगणकाची बाजू याहून वाईट आहे. मी व्याख्यानाला गेलेल्या एका महाविद्यालयात पहिल्या वर्षाची मुलं टर्बो सीच्या त्या निळ्या पडद्यावर प्रोग्राम लिहीत होती. ते साधन तीस वर्षांहून जुनं आहे. वेब डेव्हलपमेंटच्या नावाखाली पाच-सहा टॅग आणि एक नोंदणीचा फॉर्म. तो फॉर्म भरला की माहिती कुठे जाते, हे विचारलं तर वर्ग गप्प. एकाही मुलाने आपलं पान इंटरनेटवर चढवलेलं नव्हतं, म्हणजे ज्याला वेब म्हणतात त्या वेबवर त्यांतलं कुणी अजून गेलंच नव्हतं. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली जिथे काम करत होते त्या सर्न या संस्थेने ३० एप्रिल १९९३ रोजी वेब सगळ्या जगाला फुकट देऊन टाकला, त्याचं पान बनवायला आजही कुणाची परवानगी लागत नाही. आणि आमच्या मुलांना तो प्रयोगवहीच्या डाव्या पानावर पेन्सिलीने काढायला लावतात.

शेवटच्या वर्षी ‘प्रोजेक्ट’ असतो. लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम, हॉस्पिटल मॅनेजमेंट सिस्टिम. तो दोन-तीन हजारांत तयार मिळतो, बाइंडिंगसकट. विकणाऱ्याला माहीत आहे, घेणाऱ्याला माहीत आहे, तपासणाऱ्यालाही माहीत आहे. माझ्याकडे आलेल्या दोन मुलांच्या प्रोजेक्टमध्ये तिसऱ्याच महाविद्यालयाचं नाव कोडच्या टिपेत राहून गेलेलं मी पाहिलं आहे. अशा कागदावर सही करणाऱ्या प्राध्यापकाने आपण कशावर सही करतो आहोत, हे एकदा स्वतःला विचारावं.

आता माझा खरा मुद्दा. संगणक, वेब आणि व्यवसाय हे तीन विषय शेजारीशेजारी ठेवल्याने एकत्र होत नाहीत. त्यांचा सांधा कुठे आहे ते शिकवावं लागतं, आणि तो सांधा कुणीच शिकवत नाही.

माझे वडील कापडाच्या पेढीवर दिवाणजी होते. कच्ची कीर्द, पक्की कीर्द, खतावणी, वर्षअखेरीचा ताळेबंद, यात त्यांचं आयुष्य गेलं. त्यांचा एक नियम होता. कीर्दीत खाडाखोड नाही. आकडा चुकला तर त्यावर एकच रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, आणि दुरुस्तीची उलट नोंद वेगळी टाकायची. पान फाडणारा गुमास्ता त्याच दिवशी घरी जायचा. मी पहिल्यांदा डेटाबेस शिकलो तेव्हा त्यातली ‘डिलीट’ ही आज्ञा बघून मला वडिलांचा चेहरा आठवला. माल परत आला म्हणून बिल पुसून टाकणारा प्रोग्राम म्हणजे कीर्दीचं पान फाडणारा गुमास्ता. बिल पुसायचं नसतं, त्याविरुद्ध क्रेडिट नोट काढायची असते. १ एप्रिल २०२३पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहिली पाहिजे आणि ती बंद करता येता कामा नये, असा कायद्याचा नियम आहे. ऑडिट ट्रेल म्हणतात त्याला. माझ्या वडिलांची ती एक रेघ आता कायद्यात आली आहे. आणि संगणकाची पदवी घेतलेला मुलगा माझ्यासमोर बसून सहज म्हणतो, ‘सर, ती एंट्री डिलीट मारली की झालं.’

‘ट्रान्झॅक्शन’ हा एकच शब्द घ्या. डेटाबेसच्या तासाला मुलं शिकतात की ट्रान्झॅक्शन पूर्ण होतं किंवा मुळीच होत नाही, अर्धवट राहत नाही. हिशेबाच्या तासाला तीच मुलं शिकतात की जमा आणि नावे दोन्ही बाजू पडल्याशिवाय नोंद पुरी होत नाही. दुहेरी नोंदीची ही रीत १४९४ साली व्हेनिसमध्ये लुका पाचोलीच्या ग्रंथात छापून निघाली. संगणकवाल्यांना तोच विचार जवळजवळ पाचशे वर्षांनी सापडला. एकाच इमारतीत, एकाच दिवशी, दोन वेगळे शिक्षक एकच गोष्ट शिकवतात आणि ती एकच आहे हे मुलाला कुणी सांगत नाही. हे सांगितलं असतं तर त्या पदवीतला व्यवसाय आणि त्या पदवीतला संगणक मुलाच्या डोक्यात एका क्षणात जोडले गेले असते. एवढ्या एका तासासाठी मी तीन वर्षांची फी आनंदाने भरली असती.

अशी ठिकाणं कितीतरी आहेत. पैसे दशांश अपूर्णांकात साठवले तर काय होतं? जावास्क्रिप्टमध्ये ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३ येत नाही, दशांशाच्या सतराव्या घरात एक ४ उगवतो. हजारो बिलांत ही घाण साचते आणि मार्चअखेर ताळेबंद काही पैशांनी जुळत नाही. म्हणून रक्कम पैशांत, पूर्णांकात ठेवायची. बिलाचा क्रमांक बघा. जीएसटीच्या नियमाप्रमाणे तो सलग हवा, सोळा अक्षरांच्या आत हवा आणि त्या आर्थिक वर्षात दुसऱ्यांदा येता कामा नये. मुलं डेटाबेसचा आपोआप वाढणारा आकडा बिलावर छापतात, मध्येच एखादी नोंद फसते, क्रमांक उडतो, आणि हिशेब तपासणारा विचारतो की ४१२ नंबरचं बिल कुठे गेलं. इचलकरंजीचा व्यापारी कोल्हापूरला माल विकतो तेव्हा कराचे दोन भाग होतात, केंद्राचा आणि राज्याचा. तोच माल तो बेळगावला पाठवतो तेव्हा आयजीएसटी लागतो. अंतर फार नाही, पण मध्ये राज्याची सीमा आहे आणि ती कोडला माहीत असावी लागते.

२२ सप्टेंबर २०२५ची आठवण तर ताजी आहे. जीएसटीचे दर बदलले, १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे जवळजवळ निघून गेले. ज्यांनी दर कोडमध्येच ठोकून ठेवला होता त्यांनी घाईघाईने १२चे ५ केले, आणि मग जुनी बिलं पुन्हा छापली तर तीही ५ टक्क्यांनी छापून येऊ लागली. दर कोडमध्ये लिहायचा नसतो. कोणत्या तारखेपासून कोणता दर, असा तक्ता ठेवायचा असतो आणि जुन्या बिलाला त्याच्या तारखेचा दर कायमचा चिकटवायचा असतो. हे शिकायला परदेशी विद्यापीठ लागत नाही. ज्याने आयुष्यात एकदा तरी दुकान चालताना बघितलं आहे असा शिक्षक लागतो.

तो शिक्षक का नाही, हेही सांगतो. हे बहुतेक अभ्यासक्रम विनाअनुदानित तत्त्वावर चालतात. शिकवणारी मुलं-मुली तासिका तत्त्वावर असतात. कालपर्यंत त्याच वर्गात बसलेली, आज त्याच नोट्स वाचून दाखवणारी, आणि पुढच्या जूनमध्ये पुन्हा बोलावतील की नाही याची धास्ती घेऊन जगणारी. त्यांच्याकडे मी बोट दाखवणार नाही. बोट दाखवायचं ते संस्थाचालकांकडे. १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने खासगी विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना दार उघडलं. त्यातून काही चांगल्या संस्था उभ्या राहिल्या, हे मी मान्य करतो. पण त्याच दारातून आलेल्यांनी पुढे प्रत्येक तालुक्यात ‘कॉम्प्युटर’ हा शब्द विकायला काढला. इमारतीला काच लावतात, प्रवेशद्वाराला कमान उभारतात, वर्धापनदिनाला नट बोलावतात. शिक्षकाला मात्र तासाचे मोजून पैसे देतात आणि तेही महिनोन्‌महिने थकवतात. ही लूट आहे. याला दुसरा शब्द नाही.

नव्या शैक्षणिक धोरणाने यावर तोडगा निघेल असं सांगितलं गेलं. २०२४पासून राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांतही मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, ऑन जॉब ट्रेनिंग सुरू झालं. कल्पना चांगली आहे. संगणकशास्त्र मेजर आणि वाणिज्य मायनर घेणारा मुलगा म्हणजे मला हवा तोच माणूस. पण मायनर निवडतो कोण? वेळापत्रक निवडतं. ज्या विषयाचा शिक्षक रिकामा आहे तो विषय मुलाच्या गळ्यात पडतो. ऑन जॉब ट्रेनिंगसाठी माझ्याकडे मुलं येतात ती प्रमाणपत्रावर सही मागायला. ‘सर, यायला जमणार नाही, फक्त शिक्का द्या.’ मी देत नाही. ती पुढच्या दुकानात जातात आणि तिथे शिक्का मिळतो. शिक्का देणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंनो, तुम्हीही या फसवणुकीत भागीदार आहात. सहा महिन्यांनी चांगला माणूस मिळत नाही म्हणून तुम्हीच माझ्याकडे रडत येता.

क्लासवाल्यांबद्दल फार लिहीत नाही, तेवढी त्यांची लायकी नाही. सहा महिन्यांत फुल स्टॅक, शंभर टक्के प्लेसमेंट. माझ्या ओळखीच्या एका मुलाने त्यासाठी पुण्यात ८५ हजार भरले. आईचे दागिने गहाण होते. प्लेसमेंट म्हणून त्याला फोनवरून कर्ज विकायचं काम मिळालं.

आता कुणी म्हणेल, हे सगळं कशाला शिकायचं, यंत्रच कोड लिहितं. नोव्हेंबर २०२२मध्ये चॅटजीपीटी आलं तेव्हापासून हे मी रोज ऐकतो. मीही ती साधनं वापरतो. साधी वेबसाइट ती काही मिनिटांत करतात, त्यामुळे पाच टॅग शिकवून पदवी देणाऱ्यांचा धंदा आता नैतिकदृष्ट्याच नाही, व्यवहारातही संपला आहे. पण बिल पुसायचा कोड लिही म्हटलं तर यंत्र तोही लिहून देतं. बिल पुसायचं नसतं, हे सांगणारा माणूस शेजारी बसलेला असावा लागतो. म्हणूनच कोड आणि कीर्द दोन्ही कळणाऱ्याची किंमत वाढली आहे. तसा माणूस घडवायची वेळ आली नेमकी तेव्हाच आमची महाविद्यालयं पाट्या रंगवत बसली आहेत.

एक गोष्ट तर मला सर्वांत जास्त छळते. या पदव्यांच्या नावात व्यवसाय आहे, पण मुलाला स्वतःचा व्यवसाय कसा करायचा तेही येत नाही. माझ्याकडून बाहेर पडून स्वतंत्र काम करू लागलेल्या एका मुलाने ४० हजारांत एका व्यापाऱ्याची वेबसाइट केली. दहा हजार आगाऊ मिळाले, उरलेले तीस बुडाले. काय करायचं ठरलं होतं त्याचा कागद नाही, ‘अजून एवढा एक छोटा बदल’ म्हणत महिने गेले. उद्यम नोंदणी २०२०पासून घरबसल्या, फुकट होते, हे त्याला माहीत नव्हतं. २००६च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याने नोंदणी असलेल्या लहान पुरवठादाराचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात, उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं, हे त्याने कधी ऐकलं नव्हतं. मॅस्लोचा त्रिकोण त्याला येत होता.

दुसरी बाजूही आहे. एका मसाल्याच्या व्यापाऱ्याचं दहा वर्षं चाललेलं संकेतस्थळ एका सकाळी बंद पडलं. डोमेन व्यापाऱ्याच्या नावावर नव्हतंच. करून देणाऱ्या मुलाने ते स्वतःच्या नावावर घेतलं होतं, तो नोकरीला बंगळुरूला गेला, नूतनीकरण राहिलं. त्या मुलाच्या मनात पाप नव्हतं. दुसऱ्याच्या दुकानाची पाटी आपल्या नावावर ठेवायची नसते, हे त्याला शिकवलं गेलं नव्हतं. आणि मराठीबद्दल काय बोलावं? ग्राहकांच्या यादीत ‘रविंद्र’ आणि ‘रवींद्र’ अशा दोन्ही नोंदी असतात, शोधताना एक सापडतो, दुसरा सापडत नाही, एकाच माणसाच्या नावावर दोन उधाऱ्या चढतात. ज्यांचे ग्राहक मराठीत लिहितात त्यांच्यासाठी काम करायला निघालेल्या मुलांना या गोष्टीचा एक तास तरी मिळायला नको का?

पालक विचारतात, मग करायचं काय? मी स्पष्ट सांगतो. तिन्ही गोष्टी एका पाटीवर विकत घेऊ नका. एक खांब पक्का करा, दुसरा कामातून उभा करा. मुलाला गणित आणि तर्क आवडत असेल तर संगणकशास्त्राची पदवी किंवा तंत्रनिकेतनाची पदविका, आणि दर सुट्टीत एखाद्या सीएच्या किंवा कर सल्लागाराच्या ऑफिसात जाऊन बसणं. महिन्याच्या ११ तारखेच्या आणि २० तारखेच्या आधी, जीएसटीची विवरणपत्रं भरायची धावपळ असते तेव्हा. तिथे महिनाभरात जे दिसेल ते कुठल्याच पुस्तकात नाही. मुलाचा कल हिशेबाकडे असेल तर गावातल्या अनुदानित महाविद्यालयात साधं बीकॉम करा. होय, साधं बीकॉम. फी कमी आहे, हिशेब तरी नीट शिकवतात. वाचलेल्या पैशांत बरा लॅपटॉप घ्या आणि रोज तीन तास प्रोग्रामिंग करा. हार्वर्डचा सीएस५० हा अभ्यासक्रम इंटरनेटवर फुकट आहे, त्याचा वेबवरचा पुढचा भागही आहे. एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं फुकट आहेत.

ज्याची मेहनतीची तयारी आहे त्याला मी आयआयटी मद्रासची डेटा सायन्सची ऑनलाइन बीएस पदवी दाखवतो. २०२०मध्ये सुरू झाली, जेईई लागत नाही, चार आठवड्यांचा अभ्यास करून पात्रता परीक्षा द्यायची. परीक्षा केंद्रावर जाऊन द्याव्या लागतात, त्यामुळे नक्कल नाही. गरीब घरातल्या मुलांना फीत मोठी सवलत आहे. मधल्या टप्प्यावर पदविका घेऊन बाहेर पडता येतं. त्यात वेब ॲप्लिकेशन स्वतः बांधून दाखवावं लागतं, आणि व्यवसायाच्या विषयात मुलाला खऱ्या दुकानात किंवा कारखान्यात जाऊन तिथले खरे आकडे आणून त्यांचा अभ्यास मांडावा लागतो. मी इतका वेळ ज्या सांध्याबद्दल बोलतो आहे तो हाच. अभ्यास कठीण आहे, इंग्रजीतून आहे, मध्येच सोडणारी मुलं मी पाहिली आहेत. पण तिथे मुलाला काही येत नसेल तर ते लपत नाही.

आयटीआयचा ‘कोपा’ हा संगणकाचा एक वर्षाचा ट्रेड ऐकून पालक नाक मुरडतात. त्याच्या जुन्या अभ्यासक्रमात जावास्क्रिप्ट, हिशेबाचं सॉफ्टवेअर आणि ई-कॉमर्स एका वर्षात, हाताने करून शिकायचं होतं. माझ्या ऑफिसातली सर्वांत भरवशाची मुलगी तिथूनच आली आहे. तिने ११८०चा हिशेब कागद न घेता केला.

आई-बापांनो, या जूनमध्ये पैसे भरण्याआधी एक काम करा. महाविद्यालयाच्या ऑफिसात बसू नका, सरळ प्रयोगशाळेत जा. तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलाला त्याने स्वतः बनवलेलं, आज इंटरनेटवर चालू असलेलं एक पान उघडून दाखवायला सांगा. मग खिशातून ११८० रुपयांचं बिल काढा, १८ टक्के कर धरलेलं, आणि त्या मुलाला आणि त्याला शिकवणाऱ्याला, दोघांनाही त्यातला कर वेगळा करायला सांगा. उत्तर १८० आलं नाही, तर पैसे भरू नका.